आण्णांचा हात बरा होतो तेव्हा

मी घर सोडलं त्या सकाळी आण्णांनी माझी पत्र्याची पेटी कुऱ्हाडीनं फोडली. आईनं पेटीला हळदीकुंकू लावून ती अंगणात आणून ठेवली होती. आण्णा, म्हणजे माझे वडील, गोठ्यातून निघाले ते सरळ तिच्यापाशी आले. पहिल्या घावात झाकण आत गेलं, दुसऱ्या घावात कुलूप उडून तुळशीच्या कट्ट्यावर आदळलं. "म्या शब्द दिलाय!" एवढंच ते ओरडत होते. ढोकीच्या एका घरात त्यांनी माझं लग्न ठरवलं होतं आणि मला हैदराबादला पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला होता. पेटीचं काम संपल्यावर ते माझ्याकडे वळले. कुऱ्हाड उलटी धरून त्यांनी दांडा उगारला, तेवढ्यात आई मध्ये आली आणि तो तिच्या उजव्या हातावर बसला. करंगळी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

त्याच हातानं आईनं माझे कपडे युरियाच्या रिकाम्या गोणीत कोंबले. तोंड सुतळीनं बांधायला तिला जमेना, ते मी बांधलं. येडशीच्या फाट्यापर्यंत ती माझ्याबरोबर चालत आली, हात पदरात गुंडाळलेला, पदर लाल झालेला. सोलापूरची एसटी आली तेव्हा म्हणाली, "मागं बघू नगं. बघितलंस तर म्या हाक मारीन, अन् हाक मारली तर तू थांबशील." मी बघितलं नाही. गाडीनं धाराशिव ओलांडलं तरी मी समोरच्या सीटच्या दांडीकडेच बघत बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "गोणीला रक्त कशाचं गं?" मी म्हटलं, घरी बकरं कापलं होतं.

तुम्ही जे गावातच राहिलात ते आता मला बापाला पळवून नेणारी पोरगी म्हणता. माझ्यासारखेच जे पुण्याला, बंगळूरला, परदेशाला गेले ते ग्रुपवर विचारतात, काकांना तिकडं का नेलंस, म्हातारपणी माणसाला आपल्या मातीत राहू द्यावं. तुम्हा दोघांनाही मला एकदाच काय ते सांगून टाकायचंय. मातीचं कौतुक मला सांगू नका. ती माती माझ्या आईच्या दातांत गेलेली मी पाहिली आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. मी आण्णांना अहोजाहो करते ते निव्वळ सवयीनं. आमच्याकडे मारणाऱ्याला 'अहो' आणि मार खाणारीला 'अगं' म्हणतच पोरं बोलायला शिकतात. ही सवय मोडायचा प्रयत्न मी हैदराबादेत केला. आरशासमोर उभं राहून 'तो' म्हणून पाहिलं. नाही जमलं. राहू दे.

गावात आण्णांचं नाव चांगलं होतं आणि आजही आहे. कष्टाळू, शब्दाला जागणारा, दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस. दारू पीत असते तर लोकांना निदान कारण सांगायला सोपं गेलं असतं. कारखान्याला ऊस घेऊन जाताना चढावर बैल बसला तर ते त्याची शेपटी दातांनी चावायचे, आणि घरी आल्यावर चूळ भरून जेवायला बसायचे. भाकरी करपली तर तवा आईच्या अंगावर यायचा, नाही करपली तरी काहीतरी यायचंच. आईच्या हातात बांगड्या कधी टिकल्या नाहीत. कासारीण दारावरून जाताना आमच्या घरापुढं थांबायचीच नाही. तात्यांवर, म्हणजे स्वतःच्या धाकट्या भावावर, मात्र आण्णांनी कधी आवाज चढवला नाही. सोसायटीच्या चेअरमनपुढं तर ते हात बांधून उभे राहायचे.

आमचं रान रामलिंगच्या जंगलाला लागून आहे. बांधावर खाजकुयलीचे वेल माजायचे. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. बोटभर लांबीच्या वाकड्या शेंगा असतात आणि त्यांच्यावर सोनेरी तपकिरी लव. ती लव अंगाला लागली की माणूस स्वतःची कातडी ओरबाडून काढतो. हरभरा घाट्यावर आला की कुपाच्या, म्हणजे काटेरी कुंपणाच्या, तोंडाशी, जिथून चोर आत शिरतो तिथं, या शेंगा काटकीनं टांगून ठेवायची आमच्याकडे रीत आहे. मग सकाळी ओढ्याला कोण लोळतंय ते बघितलं की चोर सापडतो. गावाला त्याची फार गंमत वाटते. मलाही वाटायची.

मी सातवीत असताना आई माहेरी, माकणीला, मामाच्या लग्नाला गेली आणि ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा परतली. आण्णांनी हाताला फडकं गुंडाळलं, बांधावर जाऊन शेंगा तोडून आणल्या, आईला ओसरीवर पालथी पाडली आणि तिच्या पोलक्यात त्या चुरगाळल्या. मग फडकं चुलीत टाकून ते बैलांना पाणी दाखवायला गेले. आई अंगणात गडाबडा लोळत होती. शेजारच्या बायका आल्या त्या दारातच थांबल्या. मी गोठ्यातलं शेण आणून तिच्या पाठीला थापलं, जरा वाळू दिलं, खरवडून काढलं, पुन्हा थापलं. खाजकुयलीवर तेवढा एकच उपाय मला माहीत होता. शेणाबरोबर कातडीही निघत होती. आई तोंडात पदर कोंबून माझं नाव घेत होती. त्या दिवशी मी ठरवलं की मी इथं राहणार नाही. शिक्षण, करिअर हे सगळे शब्द नंतर आले.

हैदराबादेत पहिले कितीतरी महिने मी खोलीत भिंतीला पाठ लावून बसायचे. जेवणाच्या हॉलमध्ये कुणाच्या हातून ताट पडलं तरी मी टेबलाखाली वाकायचे. तेलुगू येत नव्हती, पण तिथली दख्खनी हिंदी कानाला घरचीच वाटली. रिक्षावाला "नक्को मॅडम, मीटर बिगड्या" म्हणाला तेव्हा मी हसले, आणि लक्षात आलं की घर सोडल्यापासून पहिल्यांदाच हसतेय. मग हळूहळू जमलं. स्टायपेंडमधून कुकर घेतला. सकाळी पेसरट्टू, म्हणजे मुगाचं धिरडं, खायला शिकले, पण कोरड्या चटणीशिवाय ते उतरायचं नाही, म्हणून डबाभर जवसाची चटणी कायम उशाशी. रूममेट मला 'अक्का' म्हणायची. कुणी हात नुसता वर केला तरी माझी मान खाली जाते हे तिनं पाहिलं होतं, पण कधी विचारलं नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही.

लॅबमध्ये मॅडमनी, म्हणजे माझ्या गाईडनी, पहिल्याच मीटिंगला पडद्यावर एका शेंगेचा फोटो लावला. ती खाजकुयली होती. तिच्या बियांत लेव्होडोपा असतं, कंपवाताच्या रोग्यांना गोळीतून देतात तेच. वैद्य मंडळी ही बी दुधात उकडून फार पूर्वीपासून वापरत आलीत. हे जगाला माहीत होतं, मला नव्हतं. मॅडमना बघायचं होतं की त्या बीत याखेरीज आणखी काही आहे का, मेंदूतल्या बिघडलेल्या प्रथिनाच्या गुठळ्या होऊ न देणारं. सगळे शांतपणे ऐकत होते आणि माझी पाठ खाजायला लागली होती. मॅडमनी विचारलं, ही शेंग कुणी रानातून आणू शकेल का? मी हात वर केला. रामलिंगचं जंगल अभयारण्य आहे, तिथलं पानही तोडता येत नाही, पण आमच्या बांधावर हवी तेवढी होती.

त्या प्रथिनाचं नाव अल्फा-सायन्यूक्लिन. ते सगळ्यांच्याच मेंदूत असतं, आणि धड असतं तोवर आपापलं काम करतं. त्याची घडी चुकली की एक रेणू दुसऱ्याला चिकटतो, चिकटलेले चांगल्यांना बिघडवतात, आणि गुठळ्या वाढतील तशा मेंदूच्या खोल भागातल्या काही पेशी मरत जातात. हालचालीला लागणारं डोपामिन याच पेशी तयार करतात. त्या गेल्या की हात थरथरतो, पाऊल उचलत नाही, चेहरा लाकडासारखा होतो. लेव्होडोपाची गोळी मेलेल्या पेशी परत आणत नाही, ती काही तासांपुरतं डोपामिन उसनं देते. आम्ही शोधतोय ते त्याच्या आधलं काहीतरी, जे पेशी मरूच देणार नाही. अजून छातीठोकपणे सांगावं असं हाती आलेलं नाही, आणि येईल असं वचनही मी कुणाला देत नाही.

हे काम फार हळुवार असेल असं कुणाला वाटत असेल तर वाटू नये. उंदरांच्या मेंदूत सुई घालून आम्ही आधी त्यांना आजारी पाडतो, मग बियांचा अर्क देतो, मग मान मोडून मेंदू बाहेर काढतो. त्याला नियम आहेत, समिती आहे, उंदराला कमीत कमी यातना व्हाव्यात म्हणून रीतसर शिकवणं आहे. ते मी सगळ्यांच्या आधी शिकले. लॅबमध्ये म्हणतात, माझा हात फार स्थिर आहे, एका झटक्यात काम होतं. तो हात माझ्याकडे कुणाकडून आलाय हे मला चांगलं माहीत आहे. मी त्याचा उपयोग करते, एवढंच.

शेंगा आई पाठवायची. आण्णा रानाच्या दुसऱ्या टोकाला असले की हाताला फडकं गुंडाळून तोडायची आणि डब्यात भरून एसटीच्या पार्सलनं धाडायची. कशासाठी लागतात ते मी तिला सांगितलं होतं. "तिच्यातनं औषध? बघ बाई, जगात काय काय व्हतंय," असं म्हणून ती फोनवर हसली होती. मग एका दुपारी तिचा फोन आला. "तुझ्या बापाच्या हातनं काठी पडली." मी विचारलं, म्हणजे? "उगारली व्हती. वरच्या वर पडली. हात थरथरायलाय." तिच्या आवाजात जे होतं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. ती खूश होती.

सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कंपवात. ज्या रोगावर मी काम करत होते तोच माझ्या घरात येऊन बसला, याचं लॅबमध्ये सगळ्यांना केवढं आश्चर्य. मला आश्चर्य करायला सवड नव्हती. गोळ्या मी इथून पाठवल्या, किती वाजता कोणती द्यायची ते आईकडून फोनवर वदवून घेतलं. तरी काही महिन्यांनी तात्यांचा फोन आला. "गोळ्या लागू पडंनात. आण्णा पार लाकूड झालेत. तुझं मोठं शिक्षण काय चुलीत घालायचंय का?" मी रजा टाकून गावी गेले.

दारातच मला आईच्या हातातल्या बांगड्या दिसल्या. हिरव्यागार, मनगटापासून वरपर्यंत, एकही पिचलेली नाही. तिनं जरा अंगही धरलं होतं. ओसरीवर आण्णा बसले होते. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ, अंगठा आणि बोट एकमेकांवर सारखे घासत असलेले, डोळे मिटत नव्हते. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचा मला इतका संताप आला की मी पाणीसुद्धा न पिता मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी बसले होते. आईनं पाकिटातून गोळी फोडली आणि माझ्यादेखत जाळात टाकली.

"आई! काय केलंस हे?"

"दिली की येळच्या येळी," ती म्हणाली. "चुलीला."

मग तिनं पोलक्याची बाही वर सारली. दंडावर बोटभर लांब व्रण होता, नवा. "पयल्या आठवड्यात दिल्या व्हत्या म्या. तू सांगितल्या तशा. दोन-चार दिसांत हात थांबला. थांबल्या हातानं पयलं काय उचललं? खुरपं. त्यांचा हात बरा झाला की पयला माझ्याकडंच येतो, बाय."

मला राग आला, आणि तो आईचा आला, हे मी लपवत नाही. बाहेर एक माणूस जिवंतपणी दगड होत होता आणि त्याचं औषध चुलीत जळत होतं. दुसऱ्या कुणाच्या घरी हे पाहिलं असतं तर मी आरडाओरडा केला असता. मी म्हटलं, "आई, हे चूक आहे." ती म्हणाली, "असंल," आणि फुंकणीनं जाळ फुंकायला लागली.

दुपारी आण्णांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी पुटपुटल्यासारखा झाला होता. "पोरी, माझा हात नीट कर. तुला येतंय ते." चेहरा जरासुद्धा हलत नव्हता आणि त्या न हलणाऱ्या चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं. मी गोळी दिली. आईच्या समोर, माझ्या हातानं दिली. पुन्हा तशी वेळ आली तरी देईन. औषध हातात आहे, रोगी समोर आहे आणि मी ते देत नाही, असं करून मला पुन्हा त्या लॅबमध्ये पाऊल टाकता आलं नसतं.

गोळी कशी चढते ते मी वाचलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. आधी हात थांबला. मग चेहऱ्यावर माणूस परत आला. आण्णांनी शर्टाची बटणं स्वतः लावली, उठून आत आले, चहाचा कप स्वतः उचलला आणि एक थेंब सांडू दिला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आई तोवर मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली होती. आण्णांनी कप खाली ठेवला, कोपऱ्यातली काठी घेतली आणि म्हणाले, "लई दिस माज केलास. ये हितं."

पहिली काठी तिच्या मनगटावर बसली. बांगड्यांच्या काचा चुलीपर्यंत उडाल्या. दुसरी खांद्यावर बसली. तिसरी मी वरच्या वर धरली. इतके दिवस नुसते बसून असलेल्या माणसाच्या अंगात एवढं बळ कुठून आलं होतं कोण जाणे. आम्ही बापलेक त्या काठीला धरून स्वयंपाकघरभर झोंबलो, पाण्याचा माठ फुटला, पिठाचा डबा उपडा झाला. शेवटी मी त्यांच्या पोटात गुडघा घातला. ते भिंतीवर आदळून खाली बसले, काठी माझ्या हातात राहिली आणि मी ती डोक्यावर उगारली. मला मारायचंच होतं. नुसतं भेडसावायचं नव्हतं, डोकं फोडायचं होतं. आई ओरडली नाही आणि मध्येही आली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती मध्ये आली नाही. ती दाराला टेकून फक्त बघत होती, मी काय करते ते. मी काठी जमिनीवर आपटली. ती मधोमध चिरली.

मग आईनं केरसुणी घेतली आणि कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून काचा गोळा केल्या.

गोळीचा जोर उतरला तसा आण्णांचा हात पुन्हा थरथरायला लागला. भाकरी कुस्करता येईना म्हणून ते माझ्याकडे बघत बसले. मी कुस्करून दिली. देताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. इतकी वर्षं मी त्या प्रथिनाशी भांडत होते, आणि माझ्या आईच्या मदतीला या जगात तेवढंच एक आलं होतं. तात्या आले नव्हते. दारात थांबणाऱ्या बायका आल्या नव्हत्या. मी तर एसटीत बसून निघून गेले होते.

गोळ्या ठेवून गेले तर आई मरेल. गोळ्या नेल्या तर आण्णा कुजतील. मी म्हटलं, मग आण्णांनाच घेऊन जाते.

तात्या तावातावानं आले. "बाप माणूस असा गावातनं हलवतेत व्हय? लोक तोंडात शेण घालतील."

"शेणाचं मला सांगू नका, तात्या," मी म्हटलं. "ते मी आईच्या पाठीला थापलेलं आहे."

तात्या म्हणाले, "अन् वहिनी एकटी कशी ऱ्हाईल?"

आतून आईचा आवाज आला, "मजेत ऱ्हाईन."

जीप दारात आली आणि आण्णा उंबऱ्यापाशी थांबले. सगळ्यांना वाटलं, हट्ट करतायत. तो हट्ट नव्हता. या रोगात असं होतं, दार आलं की पावलं जमिनीला खिळतात, डोकं हो म्हणतं आणि पाय ऐकत नाहीत. तात्या त्यांना दंडाला धरून ओढायला लागले, तशी मी ओरडले, ओढलं असतं तर ते तोंडावर पडले असते. अशा वेळी रोग्याच्या पुढ्यात आडवी रेघ लागते. ओलांडायला काही दिसलं की पाय उचलतो. मी इकडंतिकडं पाहिलं. कोपऱ्यात ती चिरलेली काठी होती. मी ती आणून उंबऱ्याच्या आत, त्यांच्या पावलांपुढं आडवी ठेवली आणि म्हटलं, "आण्णा, ही ओलांडा." त्यांनी काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाय उचलला. ज्या काठीनं त्यांनी ते घर चालवलं होतं ती ओलांडून ते घराबाहेर पडले.

जीपमध्ये बसल्यावर त्यांनी मागं वळून पाहिलं. आई दारात नव्हती. पुढं तात्यांनी फोनवर तक्रार केली की जीप वळणावर जाते न जाते तोच वहिनीनं काठी चुलीत घातली आणि तिच्यावर चहा केला. त्यांनाही दिला म्हणे.

आता आण्णा माझ्याकडे, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मी लॅबला गेले की राजन्ना त्यांच्यापाशी असतो. धिप्पाड माणूस आहे, पूर्वी हॉस्पिटलात वॉर्डबॉय होता. त्याला मराठी येत नाही, आण्णांना तेलुगू येत नाही, दोघं एकमेकांना 'हौ' आणि 'नक्को' एवढंच म्हणतात आणि त्यांचं बरं चाललंय. गोळ्या वेळेवर मिळतात, आण्णा गॅलरीत चालतात, स्वतःच्या हातानं जेवतात. हात चांगला असला की माझ्यावर ताट फेकतात, कप फेकतात. घरात आता सगळं स्टीलचंच आहे. लॅबमधली मंडळी कळवळून म्हणतात, आजाराचा परिणाम गं, मेंदूच बिघडलाय, त्यांचा काय दोष. काही रोग्यांचं तसं होतं, गोळ्यांनीही होतं, ते मला शिकवायला नको. पण पेटी फोडली तेव्हा आण्णांचा मेंदू धडधाकट होता. आणि राजन्नावर त्यांनी आजवर बोट उगारलेलं नाही. मेंदूचंच दुखणं असतं तर हातानं माणूस निवडला नसता.

तुम्ही विचाराल, मग माया आहे का? मला सांगता येत नाही. मी त्यांना आंघोळ घालते, नखं कापते, दाढी करते. दाढीला मशीन आहे. वस्तरा मी घरात ठेवत नाही, ते त्यांच्या भीतीनं की माझ्या, हे विचारू नका.

गावी जाणं आता फार होत नाही. आण्णांना टाकून जाता येत नाही आणि त्यांना घेऊन जायचं नाही. शेत तात्यांच्या पोरानं बटईनं, अर्ध्या वाट्यानं, केलंय. बांधावरची खाजकुयली मात्र आईनं त्याला तोडू दिली नाही. माझ्या लेकीला लागती, म्हणाली.

गेल्या रविवारी दुपारी मी तिला फोन लावला. उचलायला तिनं एवढा वेळ लावला की मी तात्यांचा नंबर शोधायला लागले.

"कुठं होतीस?"

"निजले व्हते."

"दुपारची? बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय म्हणूनच निजले की. दार सताड उघडं टाकून. कोंबडी पार पायावर येऊन बसली तरी जाग न्हाय." आणि ती हसली.

माझ्या आईला दिवसाढवळ्या निजलेली मी कधी पाहिली नाही. रात्रीसुद्धा ती दाराकडे तोंड करून, एक हात उशाखालून बाहेर काढून झोपायची. मला एकदम रडू आलं. मी विचारलं, बांगड्या भरल्यास का? म्हणाली, "कवाच. अजून एक बी फुटली न्हाय."

आण्णा समोर खुर्चीत बसले होते. गोळी उतरत आली होती, हात मांडीवर थरथरायला लागला होता. "कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"आई."

"काय करती?"

"निजली होती."

मग तो थरथरता हात फोनकडे आला. "आण हिकडं. उठव तिला."

"न्हाय," मी म्हटलं आणि फोन बंद केला.

"मला घरी न्हे."

"न्हाय, आण्णा. घर तिकडं हाय, अन् आपण दोघं हितं हाव. म्हणून ते घर हाय."

त्यांना कळलं की नाही, माहीत नाही. त्यांच्या पुढच्या गोळीची वेळ झाली होती. मी पाणी आणलं, गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली, आणि हात थांबेपर्यंत त्यांच्या समोर उभी राहिले.